विनोदिनीच्या पगाराचा तक्ता

"माझा पगार मी अंदाजानं सांगणार नाही!" विनोदिनीनं जाहीर केलं. "आकडे गोळा करीन, तक्ता मांडीन, आणि सोमवारी असा आकडा सांगीन की गुरुदासबाबांना त्यातला एक रुपयासुद्धा हलवता येणार नाही!"

हे जाहीर झालं ते मये गावातल्या त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरात. ऐकायला होती आई सुमंगला, जी पेजेला तोंडी लावायची मिरची शोधत होती, आणि बाबा कृष्णनाथ, जे पोस्टमनच्या खाकी शर्टाचं बटण लावत होते. दोघांनीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

"जे देतील ते घे गो बाय," कृष्णनाथ म्हणाले. "नोकरी मिळते हेच खूप आसा."

"आणि जास्त मागितलंस तर ते तुला दारातूनच परत पाठवतील," सुमंगला म्हणाली. "मग वैशाखात मी तुझं लग्न उरकणार. ठरलंय आपलं!"

ठरलं होतं खरं. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही लागली तर वैशाख! असा तह मायलेकीत झाला होता. तेव्हा सोमवारच्या मुलाखतीवर काय काय टांगलेलं होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

नोकरी होती डिचोली बाजारात, गुरुदासबाबांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात. गुरुदासबाबांचे बारा ट्रक सुर्ल्याच्या खाणीवरून खनिज भरून आमोण्याच्या धक्क्यावर नेऊन ओतायचे. त्यांना एक कारकून-टायपिस्ट पाहिजे होता. मुलाखतीचं पत्र आलं, त्यात शेवटची ओळ होती: 'येताना पगाराची अपेक्षा ठरवून यावे.' सगळा घोळ केला तो या ओळीनं!

कारण विनोदिनीसमोर तेजस्विनीचं उदाहरण होतं. पेडण्याची तेजस्विनी, तिच्याच वर्गातली. म्हापशाला मुलाखतीत तिला पगाराचं विचारलं, तर लाजून म्हणाली, "काय द्याल ते द्या." दिले तीनशे! वर मालकाच्या मुलाचा गृहपाठ तिच्याच गळ्यात. गोवा घटक राज्य होऊन पावणेदोन वर्षं झाली होती, पणजीत रोज कुणाचा तरी दर्जा वाढत होता, आणि बी.कॉम. झालेली मुलगी तीनशे रुपयांत दुसऱ्याच्या मुलाचे पाढे तपासत होती! विनोदिनीचं रक्त उकळायचं. कमी मागितलं तर जन्मभर तेवढ्यावर घासायचं, जास्त मागितलं तर घरी. मग योग्य पगार म्हणजे नक्की किती? हे कुणीतरी शोधायला नको?

"बाबा, तुम्ही रोज डिचोलीत टपाल वाटता," ती म्हणाली. "वाटता वाटता पगार विचारून या."

"कुणाचा?"

"पदवी झालेल्यांचा. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे असलेल्यांचा. नोकरीत स्थिर झालेल्यांचा. आणि आपल्या ओळखीतल्या घरचेच बघा, म्हणजे खोटं सांगणार नाहीत. पण माझ्या मुलाखतीचं कुणाला कळता कामा नये हं! कळलं तर सोमवारी तिथं पंधरा बी.कॉम. उभे राहतील."

"आणि कशाला विचारता म्हणाले तर?"

"हसायचं आणि म्हणायचं, 'ठरलं की कळेलच!'"

आता बघा. घरात लग्नाची मुलगी. तिचा बाप शोधतोय काय, तर पदवीधर, तीन-चार वर्षांनी मोठा, नोकरीत स्थिर, ओळखीतल्या घरचा मुलगा. त्याला विचारतोय काय, तर पगार. आणि का म्हणून विचारलं तर गालातल्या गालात हसून 'ठरलं की कळेलच'! डिचोली तालुक्यात याचा अर्थ एकच होतो, आणि तो शेंबड्या पोरालाही कळतो. कळला नाही तो फक्त या बापलेकीला. विनोदिनीच्या डोक्यात तक्ता होता, आणि कृष्णनाथांच्या डोक्यात, देवाची शपथ, काहीच नव्हतं.

बुधवारी कृष्णनाथांनी मामलेदार कचेरीत टपाल दिलं आणि तिथल्या राजेश कारकुनाला विचारलं. राजेश गडबडला, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "बाराशेच्या आसपास." गुरुवारी सकाळी त्याची आई पोस्टाच्या खिडकीशी हजर!

"सोळाशे म्हणाली," संध्याकाळी कृष्णनाथांनी वहीत बघून सांगितलं. "मुलगा लाजाळू आहे, कमी सांगतो, म्हणाली. आणि दोनशे पोफळींचं कुळागर आसा."

"कुळागर? पगारात?"

"मला काय ठाऊक? ती सांगत गेली, मी लिहीत गेलो."

विनोदिनीनं क्षणभर विचार केला. मग तक्त्यात पट्टीनं रेघ मारून नवा रकाना आखला: 'इतर लाभ.' त्यात लिहिलं, पोफळी दोनशे.

दुसरा सहकारी सोसायटीतला कारकून प्रशांत. त्याचा आकडा प्रशांतनं सांगायच्या आधी त्याच्या वडिलांनीच सांगितला, कारण ते सोसायटीत साखर न्यायला आले होते. तेराशे! "आणि उंची पाच फूट आठ," कृष्णनाथ वहीतून वाचत होते, "पान नाही, विडी नाही, दारूचा वास घेतला तरी शिंका येतात."

"कारकुनाला उंची कशाला लागते?" विनोदिनीनं विचारलं.

"वरच्या फायली काढायला असेल."

विनोदिनीला ते पटलं. सुमंगलानं मात्र चुलीपाशी मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि परत मान खाली घातली. तिला सगळं समजलं होतं! पण ती का बोलेल? वैशाख तिचा होता.

शुक्रवारी तर कळसच झाला. विनोदिनीनं खास बजावून बाबांना गुरुदासबाबांच्याच ऑफिसात पाठवलं. तिथं गुरुदासबाबांचा भाचा जयवंत चार वर्षं कारकून होता, तेव्हा तक्त्यातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच. कृष्णनाथांनी टपाल देऊन जयवंतला हळूच विचारलं. जयवंत तोंड उघडणार तोच आतल्या खोलीतून खुद्द गुरुदासबाब बाहेर आले.

"लिहा कृष्णनाथबाब! पंधराशे!" ते गरजले. "आणि गणेशचवथीला बोनस वेगळा!"

जयवंतच्या हातातलं पेन खाली पडलं. गुरुदासबाबांनी कृष्णनाथांना खुर्चीत बसवलं, चहा पाजला, गरम उंडे पाव आणि भाजी खायला घातली, आणि निघताना सायकलपर्यंत पोचवायला आले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत पोस्टमनला पोचवायला कुणी आलं नव्हतं. कृष्णनाथ भारावून गेले.

"पंधराशे!" विनोदिनी उडालीच. "त्याच ऑफिसात! आणि तोंडानं सांगितलं मालकानं!" तिनं चार वर्षांची वाढ वजा केली, टायपिंगचा वेग चाळीस म्हणून थोडं अधिक धरलं, आणि आकडा आला तेराशे पन्नास. तिनं त्याच्याभोवती चौकोन काढला.

सुमंगलानं रविवारसाठी नारळ किसायला घेतले. "कुणी येणार आहे का गो?" विनोदिनीनं विचारलं. "आलं तर आलं," सुमंगला म्हणाली.

आले! रविवारी सकाळी दहाला राजेश आणि त्याची आई आली. नारळ, फुलं, पेढ्यांचा पुडा घेऊन सोप्यावरच्या बाकड्यावर बसली. सव्वादहाला प्रशांत आणि त्याचे वडील आले. तेही नारळ, फुलं, पेढे घेऊन समोरच्या बाकड्यावर बसले. दोन्ही बाकड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कृष्णनाथांना वाटलं, सगळे आपल्याला भेटायलाच आलेत. ते खूष होऊन म्हणाले, "वा वा, आज काय सगळेच मोकळे?"

"आमच्या राजेशचे सोळाशे," राजेशच्या आईनं समोरच्या बाकड्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

"आमचे तेराशे म्हणालो, ते ओव्हरटाइम सोडून," प्रशांतचे वडील म्हणाले. "धरला तर सतराशे."

"सोळाशे हे गेल्या वर्षीचे हो! आता अठराशे. आणि पोफळी अडीचशे!"

"गुरुवारी दोनशे होत्या ना?" दारातून आवाज आला. विनोदिनी तक्त्याची वही हातात घेऊन उभी होती. "पन्नास पोफळी तीन दिवसांत वाढल्या?"

विनोदिनीनं नारळ पाहिले. फुलं पाहिली. पेढे पाहिले. राजेशच्या नव्या शर्टाची घडी पाहिली. मग तिनं आईकडे पाहिलं, आणि आईनं पटकन छपराकडे पाहिलं. एकदम डोक्यात उजेड पडला! पाच फूट आठ इंच, कुळागर, दारूच्या शिंका! अरे देवा! हा पगाराचा तक्ता नव्हताच, ही नवऱ्यांची यादी होती!

"मी लग्न करत नाहीये!" ती ओरडली. "मी नोकरी करतेय! उद्या माझी मुलाखत आहे, म्हणून पगार विचारले!"

कृष्णनाथांच्या हातातला पेढा तोंडापाशी थांबला. "म्हणजे तू... म्हणजे मी... अरे बापरे!" त्यांना आत्ता कळलं. राजेशच्या आईनं नारळ परत पिशवीत घातला.

दुसरी कुणी असती तर आत जाऊन रडली असती. विनोदिनी बाकड्यांच्या मधोमध खुर्ची ओढून बसली. मुलाखत चोवीस तासांवर आली होती आणि हातात एकही खरा आकडा नव्हता!

"आता सोयरीक नाही, तर खोटं सांगायचं कारणही नाही," ती म्हणाली. "खरे पगार सांगा. पेढे खा आणि सांगा."

"हातात अकराशे चाळीस येतात," राजेश म्हणाला. आई डोळे वटारत होती तरी तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं. प्रशांत वडिलांच्या नजरेला नजर न देता पुटपुटला, "पाचशे पंच्याहत्तर. ते पण दहा तारखेनंतर."

विनोदिनीनं चौकोनातले तेराशे पन्नास खोडले. गुरुदासबाबांच्या पंधराशेपुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. दुपारभर डोकं लावून नवा आकडा आला: साडेसातशे. यापुढे वर नाही, खाली नाही!

सोमवारी दहाच्या ठोक्याला ती गुरुदासबाबांच्या समोर बसली. कोपऱ्यात जयवंत टाइपरायटरवर मान घालून बसला होता. अर्ज त्यानंच वाचले होते. गुरुदासबाब अर्जांवर फक्त चहाचा पेला ठेवायचे. त्यामुळे समोरची मुलगी कोण, कुणाची, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अपेक्षा किती?" त्यांनी विचारलं.

"साडेसातशे."

गुरुदासबाब इतके हसले की खुर्ची करकरली. "अगो, साडेसातशे? चारशे देतो, उद्यापासून ये."

"साडेसातशे," विनोदिनी म्हणाली. तिनं वही मेजावर ठेवली.

"तो बघ माझा भाचा! सख्खा भाचा! चार वर्षं झाली, त्याका मी सहाशे देतो. सहाशे! आणि तुका नवीन येऊन साडेसातशे जाय?"

"सहाशे?" विनोदिनीनं वही उघडली. ती पुढचं बोलणार तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली.

"गुरुदासबाब, रजिस्टर आसा! सही जाय!" कृष्णनाथ आत आले. मुलगी दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. "झालं गो बाय?"

गुरुदासबाबांची मान पोस्टमनकडून मुलीकडे आणि मुलीकडून पोस्टमनकडे फिरली. "ही... ही तुमची मुलगी?"

"एकुलती एक," कृष्णनाथ म्हणाले.

गुरुदासबाब ताडकन उठले. "शांता! चहा आण! उंडे आण! बस गो बाय, नीट बस, पंखा लाव रे कुणीतरी! मी आपली मस्करी करत होतो हो. सहाशे कसले? पंधराशे! पंधराशे देतो मी जयवंताला!"

"मग माझं ऐकण्यात चूक झाली का?" विनोदिनीनं विचारलं. "आत्ताच तुम्ही सहाशे म्हणालात."

"सहाशे?" कृष्णनाथांनी भोळेपणानं खिशातून वही काढली. "शुक्रवारी पंधराशे लिहून घेतले होते मी. कालपण सगळ्यांचे आकडे असेच खाली आले बघा. मग आता काय लिहू, गुरुदासबाब? लवकर सांगा, मला अजून चाळीस घरं करायची आसत."

चाळीस घरं! गुरुदासबाबांच्या कपाळावर घाम फुटला. भाच्याला आपण सहाशेवर राबवतो आणि मुलीवाल्यांना पंधराशे सांगतो, ही बातमी या माणसाच्या सायकलवर बसली तर दुपारच्या जेवणाआधी घरोघर पोचणार होती. तिकीट न लावता!

"हे बघा," ते काकुळतीला आले, "शनिवारी मी देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली, होकाराची! देवीनंच ही सोयरीक..."

"मामा," कोपऱ्यातून आवाज आला. जयवंत उभा राहिला होता. चार वर्षांत तो ऑफिसात पहिल्यांदाच न बोलावता उभा राहिला होता. "देवीनं कौल लग्नाला दिला. सहाशेला नाही दिला."

"जयवंता!"

"तीन स्थळं गेली माझी त्या सहाशेच्या पायी! आणि आता चौथ्या मुलीला पंधराशे सांगता? लग्न झाल्यावर ती पहिल्या तारखेला पाकीट उघडून बघणार नाही?"

"लग्नाचं तुम्ही दुसऱ्या कुणाशी तरी बोला," विनोदिनी म्हणाली, "मी नोकरीला आलेय. जयवंतबाब, तुमच्या मते तुम्हाला किती मिळायला पाहिजेत? खरं सांगा, कमी नको आणि जास्त नको."

जयवंतनं बोटांवर वर्षं मोजली. त्याला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "हजार," तो म्हणाला.

विनोदिनीनं तिथल्या तिथं वहीत मांडलं. "चार वर्षांच्या माणसाला हजार. वर्षाला पंचवीसची वाढ धरली तर शंभर वजा. नवख्याला नऊशे. मी साडेसातशे म्हणाले ते सोसायटीकडे बघून, आणि सोसायटी दहा तारखेनंतर पगार देते. गुरुदासबाब, माझा आकडा नऊशे."

"काय लिहू?" कृष्णनाथांनी पेन्सिल जिभेला लावली.

"लिहा!" गुरुदासबाब खुर्चीत कोसळले. "त्याका हजार लिहा, बायला नऊशे लिहा, आणि जावा एकदाचे!"

विनोदिनी त्या दिवशी डिचोलीहून मयेपर्यंत बसमध्ये उभी होती, बसायला जागा असून उभी होती. बसवेना! नऊशे! सुमंगलानं वैशाख गिळला आणि गोड शिरा केला.

पण तुम्हाला वाटलं का, बातमी कृष्णनाथांनी नेली नाही म्हणजे ती कुठं गेलीच नाही? ती जयवंतनं आनंदाच्या भरात वजनकाट्यावरच्या अनंतला सांगितली. अनंतला अकरा वर्षं झाली होती आणि त्याला मिळायचे सातशे. नवीन मुलीला नऊशे? त्यानं ड्रायव्हरांना सांगितलं. पहिल्या तारखेला विनोदिनी कामावर रुजू व्हायला आली, तर ऑफिससमोर बाराच्या बारा ट्रक रिकामे उभे! खाणीचा ऐन मोसम, आमोण्याच्या धक्क्याला खनिज न्यायची बार्ज वाट बघतेय, आणि एक चाक हलत नाही.

"हे तुझ्यापायी!" गुरुदासबाबांनी तिच्यापुढे हात जोडले की उगारले ते नीट कळलं नाही. "आता तूच निस्तर! मांड तुझा तो तक्ता! सगळ्यांचा मांड, तुझ्याच हिशेबानं! बार्ज सुटली तर मी बुडालो!"

विनोदिनीनं पदर खोचला. योग्य म्हणजे योग्य! तिथं हयगय नाही. कुणाला किती वर्षं झाली, काम कसलं, जोखीम किती, सगळं विचारून घेतलं. कुणाला एक रुपया जास्त दिला नाही, कुणाचा एक रुपया कापला नाही. दुपारी एकपर्यंत यादी टाइप झाली, ड्रायव्हरांनी ऐकली, माना डोलावल्या, आणि बारा ट्रक धूळ उडवत सुर्ल्याच्या रस्त्याला लागले. गुरुदासबाबांनी डोळे मिटून सही केली.

मग विनोदिनीनं पहिल्यांदाच ती यादी वरून खालपर्यंत वाचली. ड्रायव्हर. अनंत. जयवंत. ट्रक धुणारा, एकोणीस वर्षं: नऊशे पन्नास. चहा करणारी, झाडू मारणारी शांता, अठरा वर्षं: नऊशे पंचवीस. आणि सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत: कु. विनोदिनी, नऊशे.

तिनं परत बेरीज केली. परत वर्षं मोजली. शांताच्या अठरा वर्षांत काही चूक निघते का पाहिलं, आणि पाहिलं याची तिची तिलाच लाज वाटली. कुठंही चूक नव्हती. सगळ्या ऑफिसात सगळ्यात कमी पगार तिचा होता, आणि तो अगदी योग्य होता!

शांतानं चहाचा पेला तिच्यासमोर ठेवला. यादी वाचता येत नव्हती तिला, पण खालचं नाव कुणाचं ते जयवंतनं सांगितलं होतं. तिनं मायेनं विनोदिनीच्या पाठीवरून हात फिरवला.

"वाईट वाटून घेऊ नको गो बाय," शांता म्हणाली. "नवीन आसस तू. पगार वाढतलो हळूहळू."